भिंतीतलं सस्पेन्स खातं

भिंतींना कान असतात, असं आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वजांची घरं स्वतःची होती, म्हणून त्यांना कानांची काळजी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यानं भिंतीच्या कानांपेक्षा तिच्या शिरांची चिंता करावी. कानांनी ऐकलेलं फार तर शेजाऱ्यांपर्यंत पोचतं. शिरांमधून जे वाहतं ते बिघडलं, तर रात्री दोन वाजता जळका वास आपल्याला उठवतो. मी वायरीविषयी बोलतोय, हे सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलंच असेल. ज्यांच्या आलं नाही त्यांचं घर तरी नवं असावं, नाही तर त्यांच्याकडे एसी नसावा.

मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. अलीकडे कागदोपत्री आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं लांबलचक नाव मिळालं आहे, पण काउंटरपलीकडून हाक येते ती 'ओ भाऊ' अशीच. विजेच्या शास्त्रातला माझा अधिकार टेस्टर हातात धरण्यापुरता. तरीही या विषयावर मी कडकडून भांडणार आहे. कारण हा प्रश्न विजेचा नाहीच, हिशेबाचा आहे. आणि हिशेबात मला कोणी शिकवू नये. (आमचा हेड कॅशियर सोडून.)

राहतो नागपुरात, जरीपटक्यात. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, जरीपटका म्हणजे उत्तर नागपुरातली भरभक्कम वस्ती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी इथं शून्यातून संसार उभे केले, दुकानं थाटली, आणि बघता बघता बाजारपेठ केली. नाव मात्र मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचं. एवढ्या भरजरी नावाच्या वस्तीत राहून वायरीसारख्या क्षुद्र वस्तूवर लिहिणं शोभत नाही, हे मला कळतं. पण आमच्या बेडरूमच्या भिंतीतली वायर पाहिली, आणि वस्तीच्या नावाचा आमच्या घराशी संबंध काय तो पहिल्यांदा उमगला. वायर जरीच्याच जाडीची होती.

आता तुम्ही विचाराल, की बँकेतल्या कारकुनाला एसी हवाच कशाला? हा प्रश्न पुण्याहून आलेल्या आमच्या मावसभावानंही विचारला होता. त्याला मी मे महिन्यात परत बोलावलं आहे.

नागपूरकराला आपल्या उन्हाचा अभिमान असतो. २३ मे २०१३ रोजी इथं ४७.९ अंशांची नोंद झाली, तो आकडा आम्ही मुलाच्या दहावीच्या टक्क्यांसारखा पाहुण्यांना ऐकवतो. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित यंत्रानं चक्क ५६ अंश दाखवले, तेव्हा शहरात दोन-तीन दिवस विजयी वातावरण होतं. मग हवामान विभागानं यंत्राचा संवेदक बिघडल्याचं जाहीर केलं आणि सगळे हिरमुसले. आमच्या शाखेतला शिपाई तेवढा खचला नाही. "बिगडला असंन ना साहेब," तो म्हणाला, "पन बिगडला कायनं? उन्हानंच ना?"

अशा गावात पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं ते कूलरनं. खिडकीत पत्र्याचा अजस्र डबा, तिन्ही बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या जाळ्या, पोटात पाणी, पाण्यात टुल्लू पंप. बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत येताना गार होते. एप्रिल-मेमध्ये हे यंत्र देवासारखं धावून येतं, कारण तेव्हा हवेत पाण्याचा टिपूस नसतो. पण जूनमध्ये पहिला पाऊस शिंतडून गेला, हवा दमट झाली, की याच कूलरसमोर बसलेला माणूस इडलीसारखा फुगतो. दमट हवेत पाणी उडत नाही आणि पाणी उडालं नाही तर गारवा येत नाही. आमच्या आईचं वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या उन्हाळ्यात नवतप्यात ती दोनदा चक्कर येऊन बसली. डॉक्टर म्हणाले, "यांना दुपारी आणि रात्री गार खोलीत ठेवा." पन्हं, खिशात कांदा, ओला टॉवेल हे सगळे उपाय करून झाले होते. मग हप्त्यांवर दीड टनाचा एसी घेतला. यात चैन कुठे दिसते ते मला दाखवा, मी दंड भरतो.

घरमालकांना ती दिसली. आमचे घरमालक सज्जन आहेत, हे आधीच सांगतो. दिवाळीला मिठाई पाठवतात, आईची विचारपूस करतात, भाडं पाच तारखेला मागत नाहीत, चारलाच मागतात. त्यांच्या कानावर 'दीड टन' हा शब्द गेला आणि ते जिना चढून वर आले. "बँकवाले साहब, डेढ़ टन वजन मेरे स्लॅब पे?"

मी त्यांना समजावून सांगितलं, की हे वजन नव्हे. पूर्वी गारवा करायचा तो बर्फानं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पिऊन टाकतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढायची ताकद म्हणजे एक टन. नाव बर्फाच्या काळातलं, तेच पुढे चालू राहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो फिर बरफ ही ले आओ ना. वायर की झंझट ही नहीं."

वायरीचं नाव पहिल्यांदा निघालं ते असं.

दुकानातून एसी बसवायला दोन पोरं आली. त्यांनी भिंतीला भोक पाडलं, बाहेर स्टँड ठोकला, तांब्याच्या नळ्या वाकवल्या आणि विचारलं, "पॉइंट कहाँ है?" मी कपाटाशेजारचं मोठं सॉकेट दाखवलं. सोळा अँपिअरचं, ऐटबाज, तीन भोकांचं. पोरं खूष झाली. पण आमच्या ओळखीचा वायरमन त्या दिवशी हजर होता. त्यानं बोर्ड उघडला, आत डोकावला आणि डॉक्टर एक्स-रे पाहून करतात तसा चेहरा केला.

"साहेब, सॉकेट सोळाचं हाये. पन मांगं लाइटाची वायर जोडली हाये. एक एमएम."

"चालत नाही?"

"चालते ना. जवरी चालते तवरी चालते. मंग जळते."

विजेवरचा इतका नेमका ग्रंथ मी आजवर वाचलेला नाही. पण माझा पिंड कॉमर्सचा. आकड्याशिवाय समाधान होत नाही. म्हणून त्याच्याकडून आणि माझ्या मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकातून जे समजलं, ते इथं मांडतो.

घरगुती कूलर साधारण दोनशे वॅटचा. म्हणजे वायरीतून जातो जेमतेम एक अँपिअर. दीड टनाचा एसी भर उन्हात दीड हजार वॅटच्या आसपास खातो. म्हणजे सात अँपिअर. आता माझ्यासारखा साधा माणूस म्हणेल, सातपट प्रवाह, तर वायर सातपट तापेल. इथंच फसगत आहे. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सात साते एकोणपन्नास. ज्या वायरीला कूलरनं गुदगुल्या केल्या, तिला एसी एकोणपन्नासपट भाजतो. सावकारी व्याजसुद्धा इतकं निर्दय नसतं. त्यातून त्याच वायरीवर पंखा, टीव्ही आणि सौ.ची इस्त्री असेल, तर वर्ग कशाचा करायचा ते तुम्हीच ठरवा. उपाय एकच, वायर जाड हवी. एकाऐवजी चार एमएमची तांब्याची घातली, तर त्याच प्रवाहाला उष्णता एक चतुर्थांश होते. (खरं म्हणजे ते 'चौरस मिलिमीटर' असतात. पण बाजारात चौरस कधीच गिळला गेला आहे.) दीड टनाला चार एमएम, हा सगळ्या वायरमनांचा पाठ असलेला श्लोक. तो सगळ्यांना येतो, पण कोणी विचारल्याशिवाय म्हणत नाही.

आणि सलग वायरीपेक्षा धोका जोडात. आमच्या भिंतीत जुनी वायर संपली तिथं नवी पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. पिळलेला जोड काही वर्षांनी सैल होतो, आणि सैल जोडावर सगळी उष्णता एकाच ठिकाणी गोळा होते. बाहेर पांढराशुभ्र डिस्टेंपर, आत निखारा.

मग एमसीबी कशासाठी आहे, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. एमसीबी हा वायरीचा पहारेकरी. वायरीच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह जाऊ लागला की त्यानं खाली पडायचं, एवढंच त्याचं काम. पण आपल्याकडे पहारेकरी वारंवार शिट्टी वाजवू लागला, की चोर शोधण्याऐवजी बहिरा पहारेकरी नेमतात. सोळाचा एमसीबी पडतो? बत्तीसचा लावा! आता पडत नाही ना? झालं तर! आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर खातेदाराची मर्यादा पंचवीस हजारांची, त्याचे चेक परत जातात, तर मर्यादा आणि तारण न वाढवता फक्त चेक तपासणाऱ्याला रजेवर पाठवायचं. असं बँकेत केलं तर नोकरी जाते. घरात केलं तर घर जातं.

आता त्या सॉकेटचं तिसरं भोक. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब असते. का? तर आत शिरताना ती आधी टेकावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखी. तिचं काम अर्थिंगचं. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी जमिनीत जावी. आमच्या घरी या थोरल्या भावाची वायर कधीकाळी मोरीतल्या लोखंडी नळाला बांधलेली होती. पुढे गंजलेला लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा बसवला. वायर पुन्हा इमानेइतबारे त्याच जागी बांधण्यात आली. म्हणजे आज आमचं अर्थिंग प्लॅस्टिकमध्ये आहे.

हे वाचून हसू येतं; मलाही आलं. पण दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी असते. कधी पाणी भरताना बाई, कधी खेळता खेळता हात लावलेलं पोर. बातमी चार ओळींची. तिच्यात पाणी असतं, पत्रा असतो, वय असतं. त्या घराला अर्थिंग होतं का, आणि नसेल तर ते करून देणं कोणाचं काम होतं, हे कुठेच छापलेलं नसतं. तीस मिलिअँपिअरची गळती दिसताच क्षणाच्या अंशात वीज तोडणारं आरसीसीबी नावाचं उपकरण बाजारात सर्रास मिळतं. भाड्याच्या किती घरांत ते आहे, हे आपापल्या मीटरपाशी जाऊन पाहावं. मी आमच्या इमारतीत पाहून आलो. चारही मजले हिंडावे लागले नाहीत; पहिल्याच बोर्डावर उत्तर मिळालं, आणि उरलेल्यांनी त्याला दुजोरा दिला.

म्हणजे दोष कोणाचा? इथंच खरी मौज आहे. दुकानदार म्हणतो, "आमची जबाबदारी प्लगपर्यंत." वीज कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत. मी म्हणतो, प्लगच्या अलीकडचं सगळं माझं: एसी माझा, हप्ते माझे, बिल माझं. मग मीटर आणि प्लग यांच्या मधली ती पंधरा-वीस मीटर वायर कोणाची? कोणाचीच नाही! बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. पण तिथंही नियम असतो. नोंद फार दिवस पडून राहिली की तपासनीस येऊन मानगूट धरतो. घराच्या भिंतीतलं हे सस्पेन्स खातं मात्र वीस-वीस, तीस-तीस वर्षं तसंच उघडं राहतं. त्याची तपासणी एकदाच होते, आणि ती अग्निशमन दल करतं.

माझं म्हणणं साधं आहे. एसी भाडेकरूचा, पण भिंतीतली वायर म्हणजे घरच. ते घर ज्याचं, वायरही त्याचीच. जो मालक नागपुरात घर भाड्यानं देतो, त्यानं नागपूरचा उन्हाळा सोसेल अशी वायर आणि खरंखुरं अर्थिंग दिलं पाहिजे. बिनछपराचं घर कोणी भाड्यानं देत नाही. पाऊस पडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऊनही पडतं.

यावर घरमालकांनी तीन मुद्दे काढले. ते मी निःपक्षपातीपणे मांडतो आणि मग खोडून काढतो.

पहिला मुद्दा: "आपकी चीज, आपका खर्चा." इथं मला कॉमर्स आठवतं. पहिल्याच वर्षी भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवतात. ज्या खर्चातून टिकाऊ मालमत्ता उभी राहते तो भांडवली, आणि तो ज्याची मालमत्ता त्यानं करायचा. मी घर सोडताना एसी काढून नेईन, स्टँड नेईन, तांब्याची नळीही नेईन. भिंतीतली वायर मी उपटून नेऊ का? नेली तर पोलिसात जाल. मग जी वस्तू नेली तर चोरी, ती घालताना माझी कशी?

वायरमनच्या अंदाजपत्रकानुसार बोर्डापासून बेडरूमपर्यंत अठरा मीटर. फेज आणि न्यूट्रल मिळून चार एमएमची छत्तीस मीटर वायर ३,०६० रुपये, अर्थसाठी अडीच एमएमची अठरा मीटर ९९० रुपये, एमसीबी, बोर्ड आणि सॉकेट ८५०, पट्टी आणि किरकोळ ४००, मजुरी १,५००. एकूण ६,८०० रुपये. पंधरा वर्षं टिकेल असं धरलं, तर सरळ रेषेच्या पद्धतीनं घसारा वर्षाला ४५३ रुपये, म्हणजे महिन्याला अडतीस. आमचं भाडं महिना चौदा हजार. चौदा हजारांत एका तर्री-पोह्याच्या प्लेटइतकी रक्कम घरमालकाला जड होते, आणि ती त्यानं एकदा घातली की पुढच्या प्रत्येक भाडेकरूकडून 'एसी पॉइंट आहे' म्हणून पाचशे रुपये जास्त घेणार!

आणि सरकारनं या खर्चाची सोय केलेलीच आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा कर वजा जाता जी रक्कम उरते, तिच्यावर आयकरात सरसकट तीस टक्के वजावट मिळते. पावती लागत नाही, बिल लागत नाही, एक खिळाही ठोकावा लागत नाही. वर्षाचं भाडं एक लाख अडुसष्ट हजार. पालिकेचा कर बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला तरी पन्नास हजारांच्या आसपास रक्कम घराच्या डागडुजीच्या नावानं करातून सुटते. मी हे सांगितलं तेव्हा घरमालक पहिल्यांदाच मराठीत बोलले. "तुम्ही बँकवाले फार वाचता," म्हणाले.

दुसरा मुद्दा: "पहले के किराएदार ने कभी कंप्लेंट नहीं किया." बरोबर. आधीचे भाडेकरू कूलर लावत होते. एक अँपिअरची बैलगाडी ज्या पुलावरून वीस वर्षं सुखरूप गेली, त्यावरून आता ट्रक न्यायचा आहे. पूल जुना आहे, हीच तक्रार.

तिसरा मुद्दा: "आप तो ग्यारह महिने में चले जाओगे." हा मुद्दा माझ्या वर्मी लागला. अकरा महिन्यांच्या कराराची गंमत पाहा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून पूर्वी कोणीतरी अकराची युक्ती काढली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमानं करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी करून नोंदवणं बंधनकारक केलं आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे युक्तीचं कारण वारलं. अकरा महिने मात्र अजून सुतकात फिरताहेत.

त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात घर सुस्थितीत ठेवणं हे मालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. त्यानं दुरुस्ती टाळली, तर भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. आणखी पुढे, सोळाव्या कलमात, भाडेकरूनं परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केल्यास त्याला काढता येईल असं सांगून लगेच खुलासा दिला आहे, की एसी बसवणं हे पक्कं बांधकाम धरू नये. कायदा करणाऱ्यांना पंचवीस वर्षांपूर्वी कळलं होतं, की भाडेकरूलाही गरम होतं! वाचून मी हरखलो. सौ.लाही मोठ्यानं वाचून दाखवलं. मग माझा करार काढून पाहिला. त्यावर 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं. म्हणजे कायद्याच्या लेखी मी भाडेकरू नाहीच. मी नुसता परवानगीधारक. चौदावं कलम भाडेकरूसाठी. परवानगीधारकासाठी फक्त करारात लिहिलेलं.

आणि करारात काय लिहिलं आहे? परिशिष्ट आहे. पंखे ३, ट्यूबलाइट ४, गिझर १, नळ ७, पडद्याच्या दांड्या ५, कॉल बेल १ (चालू). नळाच्या तोट्या मोजल्या, दांड्या मोजल्या. ज्या वायरीवर सगळं घर झोपतं ती मोजली नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्याच्या अनुसूचीत कामांची वाटणी स्वच्छ केली आहे. घराचं आतलं-बाहेरचं वायरिंग मालकाकडे. स्विच, सॉकेट, गिझर यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. वाटणी इतकी शहाणपणाची आहे, की ती भावाभावांत झालेली नाही हे लगेच ओळखू येतं. पण आदर्श कायदा हा आदर्श मुलासारखा. राज्यानं दत्तक घेतला तरच घरात येतो.

आता भाडेकरूंचीही बाजू उजळ नाही, हे कबूल केलं पाहिजे. घर सोडताना बल्बसोबत होल्डर नेणारे, भिंतीत सतरा भोकं पाडून त्यांत टूथपेस्ट भरणारे आणि मालकाला न विचारता मीटरवरून तार ओढणारे भाडेकरू मी पाहिले आहेत. मालकाची भीती खोटी नाही. म्हणूनच मी म्हणतो, कोणी कोणावर उपकार करू नये, लिहून काढावं. मीटर मालकाच्या नावावर असतो, तेव्हा मंजूर भार वाढवायचा अर्जही त्यालाच करावा लागतो. भाडेकरूनं मनात आणलं तरी त्याची सही चालत नाही. आणि काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून त्याचा चाचणी अहवाल फाइलला लावावा. कर्ज देताना आम्ही माणसाच्या तीन पिढ्यांचे कागद मागतो. घर देता-घेताना वायरीचा एक कागद मागायला लाज कसली?

आमचा करार येत्या जूनमध्ये संपतो. नव्या करारासाठी मी एक कलम तयार ठेवलं आहे:

"मालकाने मीटरपासून बेडरूमपर्यंत चार चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, वायरीला साजेसा एमसीबी, आरसीसीबी व जमिनीत जाणारे (प्लॅस्टिकमध्ये न जाणारे) अर्थिंग स्वखर्चाने करून द्यावे. परवानगीधारकाने त्यावर एसी सोडून दुसरे काही लावू नये. घर सोडताना एसी न्यावा, वायर नेऊ नये."

कंसातल्या शब्दांवर वाटाघाटी होऊ शकतात.

एसी एकोणीस दिवस खोक्यात होता. त्या वायरीवर मी तो लावू दिला नाही. पोरं दोनदा येऊन परत गेली, सौ.नं खोक्यावर चादर घालून त्याचं टेबल केलं, आणि आई कूलरसमोर बसून रोज विचारायची, "अरे, तुझा तो बर्फ कधी यायचा?" विसाव्या दिवशी मी वायरमनला बोलावलं आणि ६,८०० रुपये दिले. पावती घेतली. आता आई दुपारी तीन वाजता गोधडी मागते.

ती रक्कम मी घरखर्चात टाकलेली नाही. माझ्या वहीत ती घरमालकांच्या नावे 'येणे' म्हणून दाखवली आहे. घरमालकांना वही दाखवली, त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे." ३१ मार्चला मी ती बाकी पुढच्या वर्षात ओढली. दरवर्षी ओढीन. आमच्या बँकेत याहून जुनी येणी वसूल झालेली मी पाहिली आहेत.